तिकिटाच्या बिलातली फी कुणाची आणि कर कुणाचा?

जळगावच्या संभाजीराजे नाट्यगृहात नाटक लागलंय आणि तिकीट आहे ४०० रुपये, असं धरू. दोघांसाठी मोबाइलवर बुकिंग करायला घेतलं, तर शेवटच्या पानावर ८०० ऐवजी ८९४ रुपये ४० पैसे दिसतात. वरच्या रकमेकडे बघून बहुतेकजण 'आता नाटकालाही टॅक्स लावला' म्हणतात आणि पैसे भरून मोकळे होतात. धुळ्याकडचा एखादा दादा 'हाई काय शे?' असं विचारतो, पण तोही पैसे भरल्यावरच.

नाटकावर इथे एक पैसाही कर लागलेला नाही. वरच्या ९४ रुपये ४० पैशांपैकी ८० रुपये तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपची फी आहे (तिकिटामागे ४० धरली, प्रत्येक अ‍ॅपची वेगळी असते). उरलेले १४ रुपये ४० पैसे त्या फीवरचा १८ टक्के जीएसटी. बिलात 'जीएसटी' वाचलं की तो कार्यक्रमाचाच, असं आपण गृहीत धरतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

जीएसटी किती आणि कशावर, हे कायद्याने ठरतं. आयोजकाच्या किंवा अ‍ॅपच्या मर्जीचा त्यात प्रश्न नाही. नाटक, नृत्य, सर्कस, गाण्याची मैफल, कॉन्सर्ट यांचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी माफ आहे. आधी ही मर्यादा २५० होती, ती २५ जानेवारी २०१८ पासून ५०० झाली. मर्यादा माणशी मोजायची, बिलाच्या बेरजेवर नाही. म्हणजे चौघांची १,६०० रुपयांची नाटकाची तिकिटं काढली तरी माफी कायम. सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूबाहेर रांगेत उभं राहून काढलेल्या तमाशाच्या तिकिटाला हाच नियम. सिनेमाचं गणित मात्र वेगळं आहे, ते इथे लावू नका.

५०० ओलांडले की १८ टक्के लागतात, आणि तेही सगळ्या रकमेवर. ५०० रुपयांचं तिकीट ५०० लाच पडतं. ५०१ चं मात्र ५९१ रुपये १८ पैशांना. एका रुपयासाठी प्रेक्षकाच्या खिशातून ९० रुपये जास्तीचे जातात आणि त्यातला एकही आयोजकाला मिळत नाही. ४९९ आणि ५०० चे दर जाहिरातींत इतके का दिसतात, ते यावरून कळेल.

फीचं तसं नाही. ती विकणाऱ्याने ठरवलेली किंमत आहे. कुठे तिला कन्व्हिनिअन्स फी म्हणतात, कुठे बुकिंग फी, कुठे इंटरनेट हँडलिंग किंवा प्लॅटफॉर्म फी. ती ठरावीक रुपयांत असू शकते, तिकिटाच्या टक्क्यांत असू शकते, एकाच कार्यक्रमाला दोन अ‍ॅपवर वेगवेगळी असू शकते. कर सगळीकडे सारखाच लागतो, तेव्हा दोन ठिकाणी अंतिम रक्कम वेगळी आली तर फरक फीचाच, हे ओळखायला सोपं.

'यूपीआयने पैसे दिले, मग फी कशाची?' हा प्रश्न नेहमी येतो. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून बँकेने घ्यायचा व्यवहार खर्च जानेवारी २०२० पासून शून्य आहे, हे खरं. पण कन्व्हिनिअन्स फी म्हणजे तो खर्च नव्हे. घरबसल्या सीट निवडायची सोय दिली, तिचे पैसे, असं विकणाऱ्याचं म्हणणं. ते मला मान्य आहे. खटकतं ते तिकिटामागे फी घेणं. चार तिकिटं एकाच वेळी, एकाच क्लिकमध्ये काढली तरी फी चौपट. रेल्वेच्या वेबसाइटवर भुसावळहून मुंबईची स्लीपरची तिकिटं चौघांसाठी एकत्र काढली, तर यूपीआयने १० रुपये अधिक जीएसटी, तेही चौघांत मिळून एकदाच. (एसीला २० रुपये. यूपीआय सोडून दुसऱ्या मार्गाने पैसे भरले तर १५ आणि ३०.) सोय तीच, मोजायची पद्धत वेगळी.

मोठ्या कॉन्सर्टला हे आकडे चांगलेच जाणवतात. २,५०० रुपयांची दोन तिकिटं काढली, तर मूळ रक्कम ५,०००, त्यावर जीएसटी ९००. फी तिकिटामागे १५० धरली तर ३०० आणि फीवरचा जीएसटी ५४. एकूण ६,२५४. यात सरकारचे ९५४ आणि अ‍ॅपचे ३००. म्हणजे महाग तिकिटात कराचा वाटा मोठा, आणि स्वस्त तिकिटात जवळपास सगळी वाढ फीची. ४०० च्या नाटकावर अ‍ॅपला शिव्या द्या, २,५०० च्या कॉन्सर्टवर दिल्लीला. उलट केलं तर दोघांवरही अन्याय. काही ठिकाणी २,९५० अशी करासकट किंमत आधीच लावलेली असते. तिथे शेवटी फक्त फी वाढते, आणि मग तीच जास्त डोळ्यांत भरते.

नंदुरबार-नवापूरकडच्या मंडळींना आणखी एक प्रश्न पडतो. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झाले तसे २५ आणि २६ तारखेला अहमदाबादलाही झाले, आणि सुरतेच्या गाडीत बसणाऱ्याला गुजरात काही परका नाही. पण तिकीट नंदुरबारमध्ये बसून काढलं तर बिलात गुजरात का? कारण प्रवेशावरच्या करात राज्याचा वाटा कार्यक्रम जिथे होतो त्या राज्याला जातो. तुमचं घर कुठे आहे, याला इथे महत्त्व नाही.

बेत फिसकटला की फी आणि कर यांतला फरक सगळ्यात जास्त टोचतो. रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळणार असतील तर तिकिटाबरोबर त्यावरचा करही परत यायला हवा. फीबद्दल मात्र बहुतेक अ‍ॅपच्या अटींत 'परत मिळणार नाही' असं लिहिलेलं असतं. वरच्या ६,२५४ च्या उदाहरणात तिकीट आणि त्यावरचा कर मिळून ५,९०० परत आले तरी ३५४ गेलेच. फी गेली की तिच्यावरचा करही गेला.

मग ही फी बेकायदा आहे का? नाही. ऑनलाइन तिकिटांवर थिएटरांनी कन्व्हिनिअन्स फी घेऊ नये, असे आदेश महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते जुलै २०२५ मध्ये रद्द केले. व्यवसाय करण्याच्या मूलभूत अधिकारावर ते गदा आणतात, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ती लढाई सिनेमाच्या तिकिटांची होती. पण ऑनलाइन खिडकी चालवणाऱ्याला सोयीचे पैसे मागता येतात, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

फी मागणं वेगळं आणि ती शेवटच्या पानापर्यंत लपवणं वेगळं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्धची (म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्धची) मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत असे १३ प्रकार दिले आहेत. आधी कमी किंमत दाखवून पुढे एकेक आकार जोडत जाणं हा त्यातला एक. न विचारता बिलात काहीतरी टाकणं हा दुसरा. आधीच खूण करून ठेवलेली दोन-पाच रुपयांची देणगी किंवा विमा या दुसऱ्या प्रकारात येतो. ती ना फी, ना कर. खूण काढा, रक्कम उतरते.

फी वाचवायची तर नाट्यगृहाची खिडकी आहेच. जळगावात काय किंवा धुळ्याच्या शाहू महाराज नाट्यमंदिरात काय, प्रयोगाची तिकिटं खिडकीवर मिळत असतील तर अ‍ॅपच्या फीचा प्रश्नच येत नाही. कर मात्र खिडकीवरही चुकत नाही. तिकीट ५०० च्या वरचं असेल तर तो लागणारच.

इथे एक गोष्ट बघायची राहून जाते. गावातल्या एखाद्या आयोजकाने ऑर्केस्ट्राच्या पासावर 'अधिक जीएसटी' छापलं असेल, तर त्याचा १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक पावतीवर असायला हवा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, गुजरातचा २४ ने. जीएसटीच्या वेबसाइटवर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नोंदणीच नसलेल्याला कर गोळा करण्याचा अधिकार नाही. क्रमांक मागितल्यावर टाळाटाळ झाली, किंवा अ‍ॅपने फी शेवटपर्यंत दडवली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी पैसे भरण्याआधीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे गेल्यावर येणाऱ्या मेसेजमध्ये बऱ्याचदा नुसती एकूण रक्कम असते, आणि त्यावरून फी किती, कर किती हे सांगता येत नाही.