अकरा मिलिसेकंदांचा हिशेब

मान झटकन डावीकडे वळवून पाहा. समोरची भिंत जागची हलत नाही, दाराची चौकट पुसट होत नाही. कानाच्या आत, कवटीच्या हाडात, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं फिरलं की नलिका फिरतात, आतला द्रव मात्र क्षणभर मागे रेंगाळतो, आणि त्या फरकावरून मेंदूला वळणाची दिशा आणि वेग कळतो. हा निरोप डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. बुबुळं तेवढीच उलट बाजूला फिरतात आणि जग स्थिर दिसत राहतं.

व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा, हेडसेट डोळ्यांवर चढवला की जग स्थिर ठेवण्याच्या या कामात कॉम्प्युटर भागीदार होतो. डोकं वळलं तर चित्र तितकंच उलट दिशेला सरकायला हवं, आणि तेही लगेच. डोक्याची हालचाल झाल्यापासून तिच्याशी जुळणारा प्रकाश डोळ्यात शिरेपर्यंत २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जाऊ नये, असं या क्षेत्रात सर्वसाधारणपणे धरतात. वेळ लांबला की कान एक साक्ष देतो आणि डोळे दुसरी. मग डोकं जड होतं, घाम फुटतो, मळमळू लागतं. व्हीआरसाठी कॉम्प्युटर जुळवताना शेवटचा परीक्षक आपला हा आतला कान असतो, आणि तो फार कडक आहे.

बरेच हेडसेट सेकंदाला ९० वेळा, म्हणजे ९० हर्ट्झने, चित्र बदलतात. हजाराला ९० ने भागलं की ११.१ मिलिसेकंद मिळतात. काही हेडसेट ७२ हर्ट्झवर चालतात, तिथे १३.९ मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्झला फक्त ८.३. तेवढ्या वेळात डोकं कुठे आहे हे ओळखायचं, खेळातलं जग पुढे सरकवायचं, आणि दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढायची. फ्रेम, म्हणजे एका वेळचं हे चित्र, बाराव्या मिलिसेकंदाला तयार झाली तर ते वरातीमागून घोडं. हेडसेटची पडदा बदलायची वेळ निघून गेलेली असते.

अशा वेळी हेडसेटचं सॉफ्टवेअर गप्प बसत नाही. ते आधीची फ्रेम घेतं, डोक्याच्या नव्या दिशेनुसार तिला थोडी वळवून पुन्हा दाखवतं. याला रीप्रोजेक्शन म्हणतात. खेळ सतत मागे पडत असेल तर त्याला ४५ फ्रेमवर आणून प्रत्येक दोन फ्रेममधली एक अंदाजाने रचण्याचीही सोय आहे. ही युक्ती खरोखर सुंदर आहे, पण तिच्या मर्यादा दिसतात: हाताच्या कडा थरथरतात, जवळून जाणाऱ्या वस्तूभोवतीचं चित्र वितळल्यासारखं होतं. तिला अडीनडीची सोय समजावं. तिच्या भरवशावर यंत्र निवडू नये.

यातून एक गोष्ट निघते, आणि चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या जाहिरातींत ती क्वचितच दिसते: सरासरी फसवते. समजा, एका सेकंदात ९९ फ्रेम प्रत्येकी ९ मिलिसेकंदांत निघाल्या आणि एका फ्रेमला १०९ लागले. बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद, म्हणजे सरासरी १०० एफपीएस (सेकंदाला १०० फ्रेम). कागदावर उत्तम. हेडसेटमध्ये मात्र सेकंदाचा दहावा हिस्सा जग गोठलं आणि जवळजवळ १० वेळा पडद्याला नवी फ्रेम मिळाली नाही. मॉनिटरवर हा नुसता गचका वाटतो, इथे पायाखालची जमीन हलते. त्यामुळे एखाद्या भागाची चाचणी वाचताना सरासरीपेक्षा फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख आणि सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा आकडा आधी पाहावा. पुढे येणारी प्रत्येक निवड याच नजरेने करायची आहे.

सुरुवात हेडसेटपासून करावी, कारण काम किती पडणार हे तोच ठरवतो. साध्या फुल एचडी पडद्यावर ६० फ्रेमने खेळताना सेकंदाला सुमारे १२.४ कोटी पिक्सेल लागतात. २०१६ साली आलेल्या ऑक्युलस रिफ्टमध्ये प्रत्येक डोळ्याला १०८० गुणिले १२०० पिक्सेल होते. दोन डोळे आणि ९० हर्ट्झ धरून २३.३ कोटी. पण खरं काम त्याच्याही दुप्पट. हेडसेटच्या भिंगांमुळे चित्राच्या कडा बाहेर ताणल्या जातात, म्हणून कॉम्प्युटर ते चित्र आधीच उलट वाकवून पाठवतो. वाकवताना मधला भाग फुगतो आणि तिथली स्पष्टता कमी होते. ती भरून काढायला मूळ चित्र लांबी-रुंदीत प्रत्येकी सुमारे १.४ पट मोठं काढावं लागतं. दोन्ही बाजूंना १.४ म्हणजे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट, आणि आकडा ४५ कोटींपलीकडे. तेव्हा त्या हेडसेटसाठी जीटीएक्स ९७० हे कार्ड पुरेसं मानलं होतं.

२०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल आहेत. ९० हर्ट्झला नुसते पडद्याचेच ८२ कोटी होतात, भिंगांसाठीची वाढ वेगळी. तरीसुद्धा दृष्टीच्या एका अंशात फक्त २५ पिक्सेल बसतात. निरोगी डोळा अंशाला साधारण ६० पर्यंतचा तपशील ओळखतो, त्यामुळे ही भूक एवढ्यात भागणार नाही. म्हणून ‘व्हीआरला चालणारं कार्ड’ हा शब्दप्रयोग मला अर्धवट वाटतो. कोणत्या हेडसेटला, किती हर्ट्झवर, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सगळ्यात मोठा खर्च ग्राफिक्स कार्डावर करावा, यात दुमत नाही. मात्र वेगाच्या जोडीला कार्डावरची मेमरी बघायला अनेक जण विसरतात, आणि नेमकं तिथे पाणी मुरतं. मोठ्या आकाराची दोन चित्रं, सावल्यांचे नकाशे, भिंती आणि चेहऱ्यांवरचे टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रं), सगळं तिथेच राहतं. जागा संपली की कार्ड उरलेला माल मुख्य रॅममध्ये ठेवतं आणि लागेल तेव्हा मदरबोर्डच्या वाटेने ओढून आणतं. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी प्रकारात कार्डावरची मेमरी सेकंदाला ३६० जीबी माहिती देते. मदरबोर्डची वाट, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या १६ मार्गिका, सुमारे ३२ जीबी. अकरापट संथ. आरटीएक्स ४०६० सारख्या काही कार्डांना तर ८ च मार्गिका दिलेल्या आहेत. असं कार्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या मदरबोर्डवर बसवलं तर वाट ८ जीबीवर येते. मेमरी पुरत असेपर्यंत फरक फारसा जाणवत नाही, आणि ती ओसंडली की त्या १०९ मिलिसेकंदांच्या फ्रेम दिसायला लागतात. आजच्या हेडसेटसाठी १२ जीबी ही मी किमान पायरी मानेन. दोन कार्डांत वेग जवळपास सारखा असेल तर जास्त मेमरीचं घ्यावं.

आणखी एक गोष्ट फक्त व्हीआरमध्ये महत्त्वाची ठरते. क्वेस्टसारखे हेडसेट कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट या थेट चित्र नेणाऱ्या केबलने जोडलेले नसतात. चित्र व्हिडिओसारखं दाबून, यूएसबीने किंवा वायफायने पाठवलं जातं. त्या ८२ कोटी पिक्सेलना प्रत्येकी २४ बिट धरले तर सेकंदाला जवळपास २० गिगाबिट भरतात. साध्या यूएसबी ३ ची क्षमता ५ गिगाबिट आहे, आणि वायफायवरून २०० मेगाबिट पाठवायचे तर माहिती शंभरपट दाबावी लागते. हे दाबण्याचं काम कार्डावरचा एन्कोडर नावाचा वेगळा भाग करतो, आणि त्यासाठी लागणारा वेळही २० मिलिसेकंदांची मर्यादा खातो. म्हणून अशा हेडसेटसाठी कार्डाचा एन्कोडर कोणत्या पिढीचा आहे हे तपासावं. आरटीएक्स ४० मालिका, रेडिऑन आरएक्स ७००० मालिका आणि इंटेल आर्क या कार्डांना एव्ही१ पद्धतीने दाबता येतं. तितक्याच बिटांत ती जास्त स्वच्छ चित्र देते, फक्त ती उलगडायची सोय हेडसेटमध्येही हवी.

बिनतारी खेळायचं असेल तर राउटर हाही कॉम्प्युटरचाच भाग समजावा. कॉम्प्युटर राउटरला केबलनेच जोडावा, वायफायवर फक्त हेडसेट असावा, आणि राउटर खेळण्याच्याच खोलीत ठेवावा. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरता आला तर शेजाऱ्यांच्या गर्दीतूनही सुटका होते. उत्तम कार्ड घेऊन राउटरच्या बाबतीत हात आखडता घेतला की कार्डाची सगळी मेहनत हवेत अडकते.

प्रोसेसरचं काम वेगळं आहे. कोणती वस्तू कुठे काढायची याच्या हजारो आज्ञा तो प्रत्येक फ्रेमला कार्डाकडे पाठवतो. दोन डोळे म्हणजे दोन कॅमेरे. जुन्या पद्धतीने त्या आज्ञा दोनदा द्याव्या लागत, आता बरीच गेम इंजिनं (खेळ ज्यांवर बांधतात ती सॉफ्टवेअर) एकाच आज्ञेत दोन्ही डोळे उरकतात. तरीही या कामाचा मोठा हिस्सा एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकाच गाभ्यावर (कोअरवर), चालतो, त्यामुळे १६ संथ गाभ्यांपेक्षा ६ किंवा ८ वेगवान गाभे जास्त उपयोगी पडतात. विमान किंवा मोटारशर्यतीच्या सिम्युलेटरची आवड असेल तर मोठ्या कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या पण वेगवान मेमरीचा, प्रोसेसर घ्यावा असा माझा आग्रह राहील. २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये कॅशेचा जादा थर प्रोसेसरच्याच डोक्यावर रचून ती ९६ एमबीपर्यंत नेली होती. असे खेळ प्रत्येक फ्रेमला विखुरलेली माहिती शोधत फिरतात. ती कॅशेत सापडली तर रॅमपर्यंतची लांब फेरी वाचते, आणि हा फायदा सर्वांत मंद फ्रेमच्या आकड्यात ठळक दिसतो.

प्रोसेसर आणि कार्ड एकापाठोपाठ चालतात: कार्ड ही फ्रेम काढत असताना प्रोसेसर पुढची मांडत असतो. दोघांपैकी कुणालाही ११ मिलिसेकंद ओलांडून चालत नाही. एकाची तडफ दुसऱ्याची दिरंगाई भरून काढत नाही.

रॅमबद्दल थोडक्यात. १६ जीबीवर काम भागतं, ३२ जीबीत निवांतपणा असतो. पट्ट्या दोन घ्याव्यात आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेल्या खाचांतच लावाव्यात, नाहीतर प्रोसेसर आणि रॅममधल्या दोनपैकी एकच वाहिनी (चॅनल) चालते. नवी डीडीआर५ रॅम काही सेटिंग न बदलता लावली तर अनेकदा ४८०० च्या मूळ वेगावरच राहते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय चालू करावी लागते. डिस्क एनव्हीएमई प्रकारची (मदरबोर्डला थेट जोडलेली वेगवान एसएसडी) असली की झालं. महागड्या एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत.

पॉवर सप्लायकडे मात्र नीट बघा. कार्डाची वीज सरासरी २५० वॉट दिसत असली तरी मिलिसेकंदाहून कमी काळासाठी ती त्यापेक्षा खूप वर उसळी मारते. व्हीआरमध्ये प्रत्येक फ्रेमला काम, थोडी विश्रांती, पुन्हा काम असा ताल असतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात अशा उसळ्यांसाठी नियम आला: सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरती आपल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी सोसली पाहिजे. खेळ ऐन रंगात असताना कॉम्प्युटर अचानक बंद पडत असेल तर संशय आधी इथे घ्यावा. उष्णतेचं दुखणं हळूहळू दिसतं. पाच मिनिटांच्या चाचणीत सगळं ठीक, विसाव्या मिनिटाला कॅबिनेट तापतं, कार्ड आपला वेग उतरवतं, आणि १०.५ मिलिसेकंदांवर काठावर चाललेली फ्रेम ११.५ वर जाते. तेवढ्याने सगळं बिघडतं, म्हणून कॅबिनेट जाळीदार तोंडाचं आणि हवा खेळती ठेवणारं निवडावं.

केबलने जोडायचा हेडसेट असेल तर पोर्ट मोजून घ्या. पहिल्या रिफ्टसाठी तीन यूएसबी ३.० आणि एक यूएसबी २.० सुचवले होते. दिसायला पोर्ट दहा असले तरी आतून ते एकाच कंट्रोलर चिपवर असू शकतात, आणि हेडसेटला थेट कॅबिनेटच्या मागच्या बाजूचाच पोर्ट द्यावा. लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: बाहेरचा डिस्प्ले पोर्ट वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेला आहे की प्रोसेसरमधल्या चिपला? दुसऱ्या प्रकारात ताकदवान चिप असूनही केबलवाला हेडसेट चालेल याची खात्री नसते.

सगळं जुळल्यावर अर्धा तास खेळा आणि मग फ्रेमटाइमचा आलेख उघडा. तो ११ च्या खाली सपाट असेल तर काहीही बदलू नका. वर जात असेल तर रेझोल्युशन बरंच कमी करून पुन्हा पाहा. आलेख खाली आला तर कार्ड थकलं आहे: पहिल्यांदा सावल्यांचा दर्जा उतरवा, रेझोल्युशन सगळ्यात शेवटी, कारण भिंगातून अस्पष्टपणा लगेच खुपतो. आलेख जागचा हललाच नाही, तर अडथळा प्रोसेसरचा आहे. त्यावर नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन एक मिलिसेकंदही परत मिळणार नाही.