हिमदंश : बर्फाने चोळण्याच्या उपचाराची पार्श्वभूमी

हिमदंशाने गोठलेला पाय बर्फाने चोळावा, असा सल्ला आज कोणताही जाणकार डॉक्टर देणार नाही. तरीही जवळजवळ दीडशे वर्षे हाच उपचार शास्त्रसंमत मानला जात होता. त्याचे मूळ नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक लॅरे यांच्या अनुभवात सापडते. फेब्रुवारी १८०७ मध्ये आयलाऊच्या लढाईच्या वेळी कडाक्याची थंडी होती, तोवर सैनिकांनी पायांची फारशी तक्रार केली नाही. हवा एकाएकी उबदार होऊन बर्फ वितळू लागले, तेव्हा मात्र पाय दुखू लागले, बधिर झाले आणि कित्येकांचे पुढे सडले. १८१२ मध्ये रशियातून माघार घेताना तर दमलेले सैनिक रात्री गोठलेले पाय थेट शेकोटीला लावून बसत. संवेदनाच गेलेली असल्यामुळे कातडी भाजत असल्याचे त्यांना कळत नसे आणि सकाळी तेच पाय घेऊन ते पुन्हा बर्फ तुडवू लागत. ऊब हीच घातक, म्हणून बर्फाने हळूहळू चोळावे, असे लॅरे यांनी यावरून ठरवले. त्यांचे निरीक्षण अचूक होते, पण दोष उबेचा नव्हता. तो शेकोटीच्या बेसुमार आंचेचा आणि त्यानंतर पाय पुन्हा गोठण्याचा होता, असे आज म्हणावे लागते. चोळल्याने आधीच इजा झालेली त्वचा आणखी सोलवटते, हे वेगळेच.

हा समज विसाव्या शतकात ढळला. १९३०च्या दशकात सोव्हिएत शल्यचिकित्सक गिरगोलाव यांनी जलद ऊब देण्याचा पुरस्कार केला आणि पुढे अलास्कातील विल्यम मिल्स यांनी १९६०च्या सुमारास रुग्णांवरील अनुभव मांडून ही पद्धत रूढ केली. आता बाधित भाग सुमारे ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, लाली येऊन तो मऊ होईपर्यंत, साधारण अर्धा तास बुडवून ठेवतात. या वेळी असह्य वेदना होतात, म्हणून वेदनाशामक आधीच द्यावे लागते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये गंभीर हिमदंशासाठी इलोप्रोस्ट या औषधाला मान्यता मिळाली.

भारतीय सैन्य १९८४ पासून सियाचीनवर आहे आणि महाराष्ट्रातूनही दरवर्षी अनेक गिर्यारोहक हिमालयात जातात. त्या उंचीवर लॅरे यांच्या सैनिकांचा अनुभव अजूनही लागू पडतो. पाय पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर तो मुद्दाम वितळवू नये. सुटका दूर असेल, तर गोठलेल्या पायानेच चालत खालच्या तळापर्यंत उतरावे आणि गरम पाण्याचे भांडे तिथेच मागवावे.