पॉपकॉर्नच्या पिशवीत तेल घालू नका

मायक्रोवेव्हमध्ये लाह्या फोडायच्या कापडी पिशव्या आम्ही शिवतो. दर महिन्याला त्यांतल्या दोन-चार आमच्याकडे परत येतात आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "कापड जळलं." पुडकं उघडल्याबरोबर खवट तेलाचा वास येतो. पिशवी उलटी केली की तळाला तळहाताएवढा तपकिरी डाग. त्यावर नख फिरवलं तर कापडाचा भुगा पडतो. फोन केला की उत्तर ठरलेलं: "तेल? चमचाभरच घातलं होतं हो." हे पत्रक त्या चमचाभर तेलासाठी.

वापरायची रीत पिशवीच्या आतल्या पट्टीवर छापलेली आहेच. पॉपकॉर्नचे कोरडे दाणे 50 ग्रॅम, म्हणजे पाव कप. तोंडाची दुमड आत, पिशवी काचेच्या ताटलीवर आडवी. 800 वॅटच्या ओव्हनमध्ये साधारण अडीच-तीन मिनिटं, पण घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा: दाणे फुटल्याच्या दोन आवाजांमध्ये दोन-तीन सेकंद जायला लागले की बंद. एवढं सगळेच नीट करतात. घोडं पेंड खातं ते तेलापाशी.

"कढईत तेल लागतं, मग इथे का नको?" हा प्रश्न आम्हांला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि प्रश्न रास्त आहे. कढईत आच खालून, धातूतून येते. दाणा कढईला टेकतो तो टिंबाएवढ्या जागेवर. बाकी अंगाला आच लावायचं काम तेल करतं. मायक्रोवेव्हमध्ये या मध्यस्थाची गरजच नसते. लहरी दाण्यात शिरून आतलं पाणी तापवतात. चांगल्या दाण्यात 13.5 ते 14 टक्के पाणी असतं. त्याची वाफ टणक सालीत कोंडते, आतलं पीठ मऊ पडतं, आणि तापमान सुमारे 180 अंश सेल्सिअसवर व दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे 9 पटीवर गेला की साल फाटते. लाही होते ती अशी, स्वतःच्या पोटातल्या पाण्यावर.

बिनकामाचं तेल मग कापडात मुरतं. पाणी 100 अंशांना उकळतं, वाफ होऊन निघून जातं आणि जाताना उष्णताही घेऊन जातं. तेलाला असा लगाम नाही. ते जागेवर बसून तापत राहतं, वर तापलेले दाणे त्याच ओशट जागेला चिकटून बसतात. धुतल्यावर वरचं तेल जातं, धाग्यात मुरलेलं थोडं राहतंच, आणि पुढच्या खेपेला ते पुन्हा तापतं. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. दुसऱ्यांदा पिवळसर झाक येते. चौथ्या-पाचव्या वेळी धूर. त्यामुळे पिशवी "एकाएकी" जळली असं ग्राहकाला अगदी प्रामाणिकपणे वाटतं, पण जळायची तयारी पहिल्या चमच्यापासून चाललेली असते. लोणी, बटरचा तुकडा, तेलाचा फवारा, सगळ्यांचा हिशेब हाच.

"मग विकतच्या कागदी पाकिटात तेल कसं चालतं?" त्या पाकिटाची रचनाच वेगळी असते. तळाच्या कागदी थरांमध्ये अतिशय पातळ धातूचा मुलामा दिलेली फिल्म असते. ती लहरी शोषून तव्यासारखी तापते आणि तेल-दाण्यांना खालून आच देते. कागदही तेल न पिणारा लागतो. त्यासाठी वर्षानुवर्षं पीएफएएस जातीची (तेल-पाणी चिकटू न देणारी, फ्लोरिनयुक्त) रसायनं वापरली जात. अमेरिकेत अशा लेपांची विक्री थांबल्याचं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलं. शिवाय ते पाकीट एकदाच वापरून टाकायचं असतं. आमच्या पिशवीत ना फिल्म, ना लेप. आहे ते कापड, आणि कापड तेल पिणारच.

पिशवीची कल्पना आमची नाही, हेही सांगून टाकतो. मायक्रोवेव्हचे जनक पर्सी स्पेन्सर यांना 1949 साली मिळालेल्या एका पेटंटात मक्याचं कणीस पिशवीत ठेवून लाह्या फोडायची युक्ती आहे. अख्खं कणीस! आम्ही एकदा हौसेने करून पाहिलं. लाह्या झाल्या, पण पिशवीत कणीस ठेवल्यावर ताटली फिरेना.

तेलाशिवाय मीठ लाह्यांना चिकटत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती आम्ही नाकारत नाही. उपाय असा: लाह्या मोठ्या भांड्यात ओता, गरम असतानाच चमचाभर पातळ केलेलं लोणी किंवा तेल बारीक धारेने सोडा, भांडं वरखाली हलवा आणि मगच मीठ घाला. मीठ मिक्सरमध्ये फिरवून पिठासारखं केलेलं असावं; जाड मीठ सगळं तळाला जाऊन बसतं. तेल तितकंच लागतं, फक्त ते लाहीवर राहतं, पिशवीत नाही.

आता पिशवीच्या बेतणीबद्दल. "साधी चौकोनी पिशवी तर आहे, यात एवढं काय?" असं काही जण म्हणतात, म्हणून थोडं आमच्या बाजूने.

कापड कोरा मांजरपाट, न रंगवलेला, बेतण्याआधी दोनदा भिजवून आटवलेला. म्हणून तुमच्या घरी धुतल्यावर ती आक्रसत नाही. थर दोन. एकेरी कापडात ऊब टिकेना आणि दाणे फार उरू लागले. तिहेरी केलं तर वाफ बाहेर पडेना आणि लाह्या चिवट झाल्या. कोपरे गोल ठेवलेत, कारण चौकोनी पिशवी फुगली की तिचा कोपरा लहान ओव्हनच्या भिंतीला अडतो, ताटली थांबते आणि एकाच जागी आच लागत राहते. तोंडाला उशीच्या अभ्र्यासारखी आत जाणारी दुमड आहे. चेन, बटण, वेल्क्रो काही नाही. धातूची चेन ठिणगी टाकू शकते आणि वेल्क्रो नायलॉनचा असतो, तो तापून मऊ पडतो. नुसत्या दुमडीतून वाफेला वाटही मिळते. दोराही सुतीच. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो, शिलाईला सोपा असतो, स्वस्तही असतो, पण नेमका शिवणीत बसून वितळणार. आमच्या पिशवीला वेळ आणि पैसे जास्त लागतात ते अशा ठिकाणी.

एका ताईंनी फाटलेली पिशवी घरीच जुन्या चादरीचा तुकडा लावून सांधली. शिलाई आमच्यापेक्षा सुबक होती, पण चादर टेरिकॉटची निघाली. ठिगळ आक्रसून काचेसारखं कडक झालं होतं. घरी सांधायचं असेल तर जरूर सांधा, फक्त आधी कापडाचा एक धागा उपसून चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. वितळून टोकाला कडक मणी झाला की ते कापड ओव्हनमध्ये नको.

ओली पिशवी वापरू नका. लहरी आधी कापडातल्या पाण्यावर खर्च होतात, दाणे मागे राहतात आणि लाह्या दमट निघतात. धुऊन वापरेपर्यंत पूर्ण वाळायला वेळ लागतो, म्हणून आठवड्यात तीनचारदा लाह्या करणाऱ्या घरांना आम्ही जोडी घ्यायला सुचवतो. हो, त्यात आमचा फायदा आहे. पण दुपारी धुतलेली पिशवी संध्याकाळी दमटच वापरल्याच्या तक्रारीही आमच्याकडेच येतात. धुताना गरम पाणी आणि साधा साबण. कपडे मऊ करणारं द्रावण नको, त्याचा थर कापडावर राहतो.

ओव्हनवरचं "पॉपकॉर्न" बटण विसरा. ते कागदी पाकिटाच्या हिशेबाने बसवलेलं असतं. लाह्या झाल्यावरही ओव्हन चालू राहिला तर त्यांच्यात पाणी फारसं उरलेलं नसतं, मग मधल्या लाह्या आधी करपतात. रिकामी पिशवी ओव्हनमध्ये फिरवू नका, हे सांगायला नको.

गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, उरतात, थोडे उरणारच. मूठभर उरत असतील तर दोष बहुतेकदा दाण्यांचा: उघड्या पाकिटात राहून ते सुकलेले असतात. बरणीभर दाण्यांवर चमचाभर पाणी शिंपडा, झाकण घट्ट लावून हलवा आणि दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. मधूनमधून पुन्हा हलवा. पुष्कळ दाणे परत फुटू लागतात. 50 ग्रॅमपेक्षा कमी दाणे घातले तरी गणंग वाढतात. दाणे ढिगाने एकमेकांच्या उबेत तापतात. विरळ पसरले की ज्याचा तो गार पडतो.

शिवण उसवली तर पिशवी पाठवा, आम्ही बिनबोभाट शिवून किंवा बदलून देतो. फिकट बदामी झाक नुसती वापराची असते, काळजी नको. डाग गडद असेल आणि कापड मोडत असेल, तर ती पिशवी वापरातून काढाच. तेलाने जळलेली आम्ही बदलून देत नाही. पाठवण्याआधी धुऊन वाळवा आणि सोबत चिठ्ठीवर ओव्हन किती वॅटचा, दाणे किती आणि वेळ किती लावला, एवढं लिहा. तेल घातलं असेल तर तेही लिहा. वासावरून कळतंच.