ग्रामपंचायतीच्या दारात थांबलेली केबल

4 ऑगस्ट 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबलने इंटरनेट नेणाऱ्या सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपये मंजूर केले. आकडा ऐकल्यावर गावात कुणीही विचारेल की, फायबर तर आमच्या ग्रामपंचायतीत कधीच आलंय, मग एवढे पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजायला थोडं मागे जावं लागतं, आणि मी सुरुवात दिल्लीपासून न करता वारणेच्या काठापासून करेन.

1998 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणानगर परिसरातली 70 गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणेचा सहकारी साखर कारखाना त्यात एकत्र होते. गावातल्या केंद्रावरच्या संगणकातून शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी दाखले असं सगळं मिळावं ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात लोक तिथे प्रामुख्याने उसासाठी येत: नोंद झाली का, तोड कधी मिळणार, वजन किती भरलं. पुढे संगणक जुने झाले, विजेचा खेळखंडोबा होताच. मग मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसने हीच माहिती देऊन पाहिली, आणि शेतकऱ्यांना तेच सोयीचं वाटलं. म्हणजे यंत्र बसवून काम संपत नाही, ते सांभाळणारं कुणीतरी लागतं आणि माणसाच्या रोजच्या गरजेशी त्याची गाठ पडावी लागते. माझ्या मते पुढच्या पंचवीस वर्षांत सर्वांत महाग पडलेला विसर हाच.

देशपातळीवर पैशाची सोय लवकर झाली होती. 2002 पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अस्तित्वात आला. टेलिफोन कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के त्यात जमा होऊ लागले, कारण ज्या भागात धंदा परवडत नाही तिथेही सेवा पोचली पाहिजे. 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) एवढा वेग असं ठरलं. ही मर्यादा नंतर 512 केबीपीएस झाली आणि थेट 2023 मध्ये 2 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे केबीपीएसच्या सुमारे हजारपट). कागदावर ब्रॉडबँड असलेलं कनेक्शन बराच काळ किती मंद असू शकत होतं, ते यावरून कळावं.

25 ऑक्टोबर 2011 रोजी राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी मिळाली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रत्येकी 100 एमबीपीएस, खर्च अंदाजे 20 हजार कोटी, मुदत दोन वर्षं. 2012 मध्ये त्यासाठी भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. केबल टाकायचं काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड या सरकारी कंपन्यांकडे गेलं. अजमेर जिल्ह्यातलं अराईं, त्रिपुरातलं पाणीसागर आणि विशाखापट्टणमजवळचं परवाडा इथे आधी प्रायोगिक काम झालं. दोन वर्षांची मुदत मात्र कधीच उलटून गेली. 2015 मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं, आणि पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण झाल्याचं डिसेंबर 2017 मध्ये जाहीर झालं.

इथे जाळ्याची रचना समजून घ्यायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. खर्च वाचवण्यासाठी तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून बीएसएनएलची जमिनीत असलेली जुनी केबल जिथपर्यंत जाते तिथपर्यंत तीच वापरायची आणि उरलेल्या अंतरात नवी टाकायची, असं ठरलं. जाळं बहुतांशी सरळ रेषेत गेलं, एका गावापुढे दुसरं, दुसऱ्यापुढे तिसरं. रस्ता रुंद करताना किंवा पाण्याची पाइपलाइन टाकताना जेसीबीने मध्येच केबल तोडली, की पुढची सगळी गावं बंद. ग्रामपंचायतीतलं यंत्र विजेवर आणि बॅटरीवर. बॅटरी उतरली की तेही बंद. सरकारी अहवालात अशा ग्रामपंचायतीला ‘सर्व्हिस रेडी’ म्हणतात, म्हणजे सेवा देण्यास सज्ज. आज हा आकडा 2 लाख 14 हजारांच्या आसपास सांगितला जातो. पण सज्ज असणं आणि आज दुपारी नेट चालू असणं यांत फरक आहे, आणि तो दाखला काढायला आलेल्या माणसाला सर्वांत आधी कळतो.

महाराष्ट्रात तर काम आधी आणि केबल नंतर असं घडलं. 2011 पासून संगणकावर दाखले देणारी संग्राम केंद्रं आणि नंतर आपले सरकार सेवा केंद्रं ग्रामपंचायतींत बसली. जुलै 2017 मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात राज्याने केबलचं काम स्वतःकडे घेतलं आणि महाआयटी या आपल्या कंपनीमार्फत ‘महानेट’ सुरू केलं. तोवर सातबारा, पेन्शन, रेशन सगळं ऑनलाइन होत चाललं होतं. रेंज मिळेल तिथे उभं राहून काम उरकणाऱ्या, या केंद्रांवरच्या संगणक परिचालकांच्या भरवशावर गावचा कारभार चालला, हे नोंदवायलाच हवं.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुलं रेंजसाठी टेकडीवर, झाडावर बसून शिकू लागली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी सहा लाख गावांपर्यंत एक हजार दिवसांत फायबर नेण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी 16 राज्यांत खासगी भागीदारीतून काम करायचं ठरलं, त्यासाठी 19 हजार 41 कोटींची मदत मंजूर झाली, पण निविदांना प्रतिसाद मिळाला नाही. एक हजार दिवसांची मुदत मे 2023 मध्ये संपली तेव्हाही काम अपूर्णच होतं. दरम्यान भारत ब्रॉडबँड ही कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय 2022 मध्ये झाला.

2023 च्या कार्यक्रमात दोन दुरुस्त्या मला खरोखर महत्त्वाच्या वाटतात. जाळं सरळ रेषेऐवजी कड्यासारखं गोल करायचं, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने पुरवठा चालू राहील. आणि दहा वर्षांची देखभाल मूळ खर्चातच धरायची. घराघरांत जोडणी देण्यासाठी गावातल्याच उद्योजकाला उत्पन्नात वाटा देण्याची पद्धतही त्यात आहे. त्यामुळे लाइन चालू ठेवण्यात गावातल्या कुणाची तरी रोजीरोटी असेल.

ग्रामपंचायतीचं मुख्य गाव सोडून इतर सुमारे 3 लाख 80 हजार गावांना मात्र ही जोडणी मागणी आली तरच मिळणार आहे. कोकणातल्या वाड्या आणि मेळघाटातली, नंदुरबारमधली लहान गावं यांना ही अट सर्वांत जास्त जाचेल, कारण जिथे नेट कधी पाहिलंच नाही तिथून मागणीचा अर्ज कोण आणि कुठून भरणार?