पार्श्वभूमी : मोहावीचा उन्हाळा आणि रस्त्याकडेला उभी मोटारहोम

लॉस एंजेलिसहून लास वेगासला जाताना 'इंटरस्टेट १५' या महामार्गावर मोहावी वाळवंटातलं बेकर नावाचं छोटंसं गाव लागतं. गावाची खूण म्हणजे १३४ फूट उंचीचा थर्मामीटर. जवळच्या डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक इथे १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. उंचीचा आकडा तिथूनच घेतलेला. (त्या नोंदीवर काही हवामान अभ्यासक शंका घेतात, पण जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी विक्रम अजून तोच आहे.)

थर्मामीटरपाशी सगळे फोटो काढतात. मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, चालवणाऱ्याने खरं तर गावाच्या पुढे बघायला हवं. बेकर समुद्रसपाटीपासून जेमतेम २८० मीटरवर आहे आणि पन्नासेक किलोमीटरवरचा माउंटन पास १,४४० मीटरवर. हा चढ फसवा आहे. वळणं नाहीत, दरी नाही, आपल्या खंडाळ्यासारखं घाट सुरू झाल्याचं काही लक्षणच नाही. सरळ, रुंद रस्ता दिसतो, म्हणून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठत नाही. अशा चढांवर पाटी असते : इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. बाहेर ४५ अंश असताना ही पाटी मानणारे थोडेच. बाकीच्यांपैकी काही जण पुढे रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे दिसतात.

वाळवंटात गाड्या बंद पडतात यात नवल नाही. नवल याचं आहे की दर पिढीत त्या वेगळ्याच कारणाने बंद पडल्या. पाण्याचा प्रश्न सुटला तर इंधनाचा आला, तो सुटला तर टायरचा. आणि गाडी जसजशी भरवशाची होत गेली, तसतशी वाटेवरची मदत उठून गेली.

सुरुवातीला तर रस्ताच नव्हता. कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाच्या सीमेजवळ अ‍ल्गोडोन्सच्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्या ओलांडायला १९१५ मध्ये लाकडी फळ्यांचा रस्ता टाकला गेला. पहिला वर्षभरात खिळखिळा झाला, म्हणून १९१६ मध्ये फळ्यांचे तयार तुकडे जोडून दुसरा केला. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी रुंदी, मधे मधे बाजूला घ्यायला जागा. वारा सुटला की फळ्या वाळूखाली, समोरून कोणी आलं की मागे कोणी हटायचं यावरून भांडण, आणि चाक फळीवरून घसरलं की सगळ्यांनी उतरून ढकलायचं. १९२६ मध्ये पक्का रस्ता झाला तेव्हा हा प्रकार संपला.

त्याच वर्षी 'रूट ६६' हा महामार्ग जाहीर झाला आणि मोहावीतून जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली. तेव्हाच्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पाणी फिरवायला पंप नव्हता. गरम पाणी वर जातं, थंड खाली येतं, एवढ्याच तत्त्वावर इंजिन गार राहायचं. मोहावीच्या उन्हात हे तत्त्व अर्ध्या चढावर दम टाकायचं. पेट्रोललाही पंप नव्हता. टाकी सीटखाली, तिथून पेट्रोल उताराने कार्ब्युरेटरकडे जायचं. चढ फार उभा असला की गाडीचं नाक वर आणि पेट्रोल मागे. अ‍ॅरिझोनात ओटमनजवळच्या सिटग्रीव्ह्ज पासवर म्हणूनच लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्स गिअरमध्ये घाट चढायचे. ज्यांची छाती होत नसे ते स्थानिकांना पैसे देऊन गाडी ओढून घ्यायचे. १९५२ मध्ये रस्ता ओटमन टाळून दुसरीकडून नेला, तेव्हा या घाटातली वर्दळ ओसरली.

त्या काळच्या फोटोंत गाड्यांच्या पुढे जाड कापडाची पिशवी लटकलेली दिसते. आपल्याकडे जुन्या लोकांना ती ओळखायला वेळ लागणार नाही : ती छागल. रेल्वेच्या खिडकीला नाहीतर जीपच्या आरशाला बांधलेली, बाहेरून घामेजलेली. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं गार राहतं. अमेरिकी वाळवंटात ती अर्धी माणसांसाठी आणि अर्धी रेडिएटरसाठी असायची. पाणी विकतच्या भावाचं होतं. अँबॉयसारख्या गावात भूजल खारट, पिण्याचं पाणी रेल्वेने यायचं.

अँबॉयचं उदाहरण थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. रॉय क्रॉल यांनी १९३८ मध्ये तिथे पेट्रोल पंप आणि गॅरेज काढलं. युद्ध संपल्यावर अमेरिका पुन्हा रस्त्यावर आली आणि गॅरेज चोवीस तास चालू लागलं. सोबत खाणावळ, मग राहायच्या खोल्या, कारण पार्ट येईपर्यंत गिऱ्हाईक जाणार कुठे? फुटलेले रेडिएटर, जळलेली बेअरिंग, फाटलेले टायर यांवर एक अख्खं गाव पोसलं जात होतं. १९७३ मध्ये उत्तरेकडून इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि गिऱ्हाईक जवळपास एका दिवसात नाहीसं झालं. 'रॉय्ज'ची १९५९ मधली भली मोठी पाटी अजून उभी आहे. चोवीस तासांचं गॅरेज नाही.

आता मोटारहोमकडे येऊ. श्रीमंतांसाठी असली गाडी पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने १९१० मध्येच न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली होती. पण सामान्य माणसाच्या आवाक्यात ती आली १९६० च्या दशकात. मिशिगनच्या रे फ्रँक यांनी १९५८ मध्ये आपल्या कुटुंबासाठी एक बांधली. पुढे डॉजच्या चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, त्यांचं उत्पादन सुरू झालं. आयोवातल्या विनेबागोने १९६६ मध्ये पहिली मोटारहोम काढली आणि किंमत खाली आणून बाजार उघडला.

या गाड्यांचा मूळ दोष एका वाक्यात सांगता येतो. घर नवीन होतं, खालची गाडी दुसऱ्याच कामाची होती. शेवरोलेची पी-३० चासी घ्या. ती पाव आणि पार्सलं पोचवणाऱ्या व्हॅनसाठी बनवलेली : शहरात फिरायचं, दर कोपऱ्यावर थांबायचं, संध्याकाळी रिकामं परतायचं. तिच्यावर पलंग, स्वयंपाकघर, संडास, शंभर-दीडशे लिटर पाणी आणि जनरेटर चढवला. वर सपाट, उंच नाक, जे वाऱ्याला आडवं येतं. ७.४ लिटरचं व्ही-८ इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधोमध, फायबरच्या झाकणाखाली. चढावर ते झाकण इतकं तापतं की त्यावर पाय टेकवत नाही. म्हणजे एसी ज्या उष्णतेशी झगडतो, तिचा एक भाग घरातूनच येत असतो.

त्या पिढीचा आजार होता व्हेपर लॉक. कार्ब्युरेटरच्या काळात पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असे आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. त्यात नळी सायलेन्सरच्या जवळून जाणारी. नळीतच वाफ धरली की पंपाला ओढायला पेट्रोल उरत नाही. गंमत म्हणजे गाडी धावताना कशीबशी चालायची आणि थांबल्यावर अडायची. बेकरला पेट्रोल भरायला इंजिन बंद केलं की वारा थांबतो, बॉनेटखालची उष्णता तिथेच कोंडते आणि नंतर किल्ली फिरवत बसा. उपाय दोनच : पंपावर ओलं फडकं टाकायचं, किंवा ऊन उतरायची वाट बघायची. जाणते लोक वाळवंट रात्रीच ओलांडत.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्युएल इंजेक्शन आलं, पंप टाकीत गेला आणि मागून दाबाने पेट्रोल ढकलू लागला. व्हेपर लॉक जवळपास संपला. १९८९ पासून उन्हाळी पेट्रोल किती लवकर उडावं यावरही सरकारने मर्यादा घातली. हेतू शहरांवरचं धुरकं कमी करण्याचा होता, पण जुन्या गाड्यांनाही त्याची मदतच झाली असणार.

मग आली टायरची पाळी. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं प्रकरण हेच. तेलटंचाईमुळे १९७४ पासून अमेरिकेत वेगमर्यादा सगळीकडे ताशी ५५ मैल होती. १९८७ मध्ये गावाबाहेरच्या महामार्गांवर ती ६५ झाली आणि १९९५ मध्ये राष्ट्रीय मर्यादाच रद्द झाली. राज्यांनी ७०, ७५ च्या पाट्या लावल्या. घराचं वजन तेच, वेग वाढला. टायरमध्ये उष्णता तयार होते ती मुख्यतः तो सतत चेपला जाऊन पुन्हा फुगतो म्हणून. वजन जास्त, हवा कमी आणि वेग जास्त, या तिन्ही गोष्टी जमल्या की आतले थर सुटायला लागतात. खालचा डांबरी रस्ता दुपारी ६५-७० अंशांवर असला तर बाहेरून गार व्हायलाही वाव नाही.

गुडइयरचा जी-१५९ हा टायर १९९६ ते २००३ दरम्यान बनला. पार्सलच्या ट्रकांसाठी बेतलेला, पण मोटारहोमनाही बसवला गेला. २००३ मध्ये अशा गाडीला अपघात होऊन ती रस्त्याबाहेर जाऊन उलटली आणि त्या कुटुंबाने कंपनीवर दावा लावला. वर्षानुवर्षं चाललेल्या खटल्यात कंपनीने टायरच्या सर्व चाचण्यांचे कागद मागूनही दिले नाहीत. शेवटी तडजोड झाली. त्यानंतर कुटुंबाच्या वकिलाला वर्तमानपत्रातल्या बातमीवरून कळलं की दुसऱ्याच एका खटल्यात कंपनीने अशा चाचण्या सादर केल्या आहेत, ज्या या कुटुंबाला कधी दाखवल्याच नव्हत्या. त्यांनुसार हा टायर ताशी ५५ ते ६५ मैलांना नको इतका तापत होता. खालच्या कोर्टाने कंपनीला सुमारे २७ लाख डॉलर भरायला लावले. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रकमेचा हिशेब पुन्हा करायला सांगितला, कारण लपवाछपवीमुळे झालेला खर्चच वसूल करता येतो. त्याच वर्षी सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेने चौकशी सुरू केली. टायर परत मागवले गेले ते २०२२ मध्ये, म्हणजे उत्पादन थांबल्यावर १९ वर्षांनी. टायरमध्ये दोष नाही, हे म्हणणं कंपनीने तेव्हाही सोडलं नाही.

टायर फुटणं म्हणजे नुसती हवा जाणं नव्हे, हे मोटारहोमच्या मागच्या चाकाजवळ वाकून पाहिलं की समजतं. चाकाच्या वरच पातळ पत्रा किंवा प्लायवूड, त्याच्या पलीकडे वायरिंग, गॅसची नळी, सांडपाण्याच्या टाकीचा पाइप. पोलादी तारांचा सुटलेला पट्टा शंभरच्या वेगाने फिरत त्यावर आदळतो आणि काही सेकंदांत बाथरूमची जमीन फाडतो. मागे दोन-दोन चाकं जोडीने असतात. त्यातल्या आतल्या टायरची हवा गेली तर सीटवर बसून काहीच जाणवत नाही आणि बाहेरचा टायर दोघांचा भार घेऊन तापत राहतो. अमेरिकेत नव्या गाड्यांना हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली ती ४,५३६ किलोपर्यंतच्या वाहनांना. मोठ्या मोटारहोम त्यातून सुटल्या. शिवाय हे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. गाडी वर्षातले दहा महिने अंगणात उन्हात उभी असते. खाच अजून नवी दिसते, पण कडेवरचे चार अंक खरं वय सांगतात : '२३१६' म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा.

मोठ्या गाड्यांनी दरम्यान डिझेल इंजिन मागे नेलं. पुढची उष्णता गेली, नवा त्रास आला. मागच्या रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही, पंख्यावरच सगळी भिस्त. इंजिनाच्या ब्रीदर नळीतून निघणारी तेलाची वाफ आणि चाकांनी उडवलेली धूळ यांचं मिळून रेडिएटरच्या आतल्या बाजूला काळं लुकण बसतं. बाहेरून पाहावं तर जाळी स्वच्छ. जुलैत चढावर काटा लाल झाल्यावरच ते उघडकीला येतं.

२०१० नंतर डिझेल इंजिनांच्या धुरात युरियाचं द्रावण फवारणं आलं, आपल्याकडच्या बीएस-६ ट्रकांत टाकतात तेच. हे द्रावण उन्हात लवकर खराब होतं आणि त्याच्या टाकीतला सेन्सर बिघडला की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद टप्प्याटप्प्याने काढून घेतो, थेट ताशी ५ मैलांपर्यंत. २०२१ च्या सुमारास चिपच्या टंचाईत हे सेन्सर मिळेनासे झाले आणि ठणठणीत इंजिनाच्या मोटारहोम महिनोन् महिने डीलरच्या आवारात पडून राहिल्या. अँबॉयच्या जुन्या मिस्त्रीला इथे काहीही करता आलं नसतं.

बिघाड कमी झाले हे खरं. पण आज झाला तर धोका जास्त, कारण पुढचं गॅरेज साठ-सत्तर किलोमीटरवर आणि फोनला रेंज नाही. जुलै १९९६ मध्ये एक चौघांचं जर्मन कुटुंब भाड्याची व्हॅन घेऊन डेथ व्हॅलीच्या आडवाटेला गेलं. व्हॅन ऑक्टोबरमध्ये सापडली, टायर बसलेले. माणसांचे अवशेष सापडायला २००९ उजाडलं. जुलै २०२४ मध्ये तिथेच उष्माघाताने एका मोटारसायकलस्वाराचा मृत्यू झाला, तेव्हा हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. ४९ अंशांच्या वर हवा इतकी विरळ होते की हेलिकॉप्टरला सुरक्षित उडता येत नाही.

कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबंही जून-जुलैतच मोटारहोम भाड्याने घेतात. मुलांना सुट्टी असते, भारतातून आई-बाबा आलेले असतात, आणि वेगास-ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर "एवढं आलोय तर डेथ व्हॅली बघूनच जाऊ" असं कोणीतरी म्हणतंच. आजीला सांगावं लागतं की छतावरचा एसी चालत्या गाडीत जनरेटर लावल्याशिवाय चालत नाही, आणि गॅसवरचा फ्रिज असल्या उन्हात ताक गार ठेवेलच असं नाही. करारात मात्र एक कलम असतं, जे सही करताना सहसा कोणी वाचत नाही. बऱ्याच कंपन्या भर उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी न्यायला मनाईच करतात. नेली आणि बंद पडली, तर ती ओढून आणण्याचा खर्च भाड्याने घेणाऱ्याच्या माथी.