कल्हईतले शिसे पकडताना

तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई करताना कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून सारखे पसरवतो. कथील महाग, शिसे स्वस्त. शिवाय शिसे मिसळलेले कथील शुद्ध कथलाच्या २३२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाला वितळते, त्यामुळे भेसळीचा मोह दुहेरी असतो. अशा भांड्यात चिंचेचे सार रात्रभर राहिले तर आंबटपणामुळे शिसे त्यात उतरते, आणि ते रंगावरून, वासावरून वा चवीवरून कळत नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे नसावे. एवढे थोडे शिसे शोधायला विद्युतरासायनिक संवेदक, म्हणजे पदार्थाचे प्रमाण विद्युतप्रवाहावरून मोजणारे साधन, वापरता येते. मधुमेही माणूस घरी वापरतो ती रक्तशर्करेची पट्टी हाही असाच संवेदक आहे. पण तिला लिटरमागे साधारण एक ग्रॅम साखर मोजायची असते. शिशाच्या संवेदकाला वजनाने त्याच्या लाखाव्या हिश्शाएवढा ऐवज हुडकायचा असतो. एवढ्या विरळ द्रावणात सरळ मोजायला गेले तर शिशामुळे येणारा विद्युतप्रवाह इतर क्षीण प्रवाहांत बुडून जातो. म्हणून आधी साठवायचे आणि मग मोजायचे, अशी युक्ती योजतात. तिला स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री म्हणतात.

नमुन्यात बुडवलेल्या इलेक्ट्रोडला, म्हणजे वीजवाहक टोकाला, काही मिनिटे पुरेसा ऋण विभव (विद्युतदाब) दिला आणि द्रावण ढवळत ठेवले की शिशाचे आयन (विद्युतभारित अणू) इलेक्ट्रोडवर येतात, इलेक्ट्रॉन घेऊन धातुरूप होतात आणि तेथेच साचतात. त्यानंतर विभव हळूहळू धन दिशेने नेला जातो. स्थिर विभव राखणाऱ्या चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास पोहोचताच साचलेले शिसे एकदम विरघळू लागते आणि विद्युतप्रवाहाच्या आलेखावर टोकदार उंचवटा उमटतो. तो कोठे आला यावरून धातू ओळखायचा, आणि किती मोठा आहे यावरून प्रमाण. कॅडमियम त्याआधी विरघळते, तांबे नंतर.

या पद्धतीचे मूळ १९२२ साली प्राग येथे यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी थेंबाथेंबाने गळणारा पारा वापरून केलेल्या प्रयोगांत आहे. १९५९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पाऱ्यात शिसे सहज मिसळते, म्हणून तो दीर्घकाळ या कामात टिकला, जरी एक विष शोधण्यासाठी दुसरे बाळगणे विचित्रच होते. २००० साली पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर वापरण्याचा मार्ग पुढे आला. आता कार्बनची शाई छापलेल्या छोट्या पट्टीवरही तो थर बसवता येतो आणि जोडीचे यंत्र हातात मावते.

तरीही कल्हईच्या प्रकरणात हा संवेदक नेमका अडखळतो, कारण बऱ्याच आम्लधर्मी द्रावणांत कथील आणि शिसे जवळजवळ एकाच विभवाला विरघळतात. शुद्ध कल्हईतूनही थोडे कथील सारात उतरतेच. मग तो उंचवटा शिशाचा की कथलाचा, हे आलेख सांगत नाही. येथे यंत्रापेक्षा द्रावणाची तयारी महत्त्वाची ठरते: कथलाचा उंचवटा बाजूला सरेल किंवा दबून जाईल असे रसायन निवडावे लागते. दुसरी अडचण साराचीच. त्यातील सेंद्रिय पदार्थ काही शिसे बांधून ठेवतात आणि इलेक्ट्रोडवर चिकटून त्याचा पृष्ठभाग झाकतात. म्हणून नमुना आधी नायट्रिक आम्लात तापवून सेंद्रिय भाग नष्ट करतात. खरा वेळ या कामात जातो, पण यंत्राच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

एवढे करूनही शुद्ध पाण्यावर आखलेले मोजमाप साराला लागू पडेलच असे नाही. त्यामुळे त्याच नमुन्यात शिशाचे ठाऊक प्रमाण दोनतीनदा मिसळून दरवेळी उंचवटा किती वाढला ते पाहतात, बिंदू जोडून रेषा काढतात आणि ती उंचवटा शून्य होतो तेथपर्यंत मागे वाढवून मुळात शिसे किती होते ते वाचतात.