रोजगार हमी योजना (महाराष्ट्र)

रोजगार हमी योजना : ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकणारी महाराष्ट्र राज्याची योजना. सरकारी कागदांत आणि बोलण्यातही तिला ‘रोहयो’ म्हणतात. १९७२ मध्ये ती सुरू झाली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हे तिचे घोषवाक्य. दारिद्र्यनिवारणाच्या बहुतेक योजनांत गरीब कोण, हे अधिकारी ठरवतात. येथे ते मजूर स्वतः ठरवतो. दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही, जात किंवा उत्पन्न विचारले जात नाही; उन्हात माती वाहायची तयारी एवढीच पात्रता. ज्याच्याकडे दुसरा मार्ग आहे तो या कामावर सहसा फिरकत नाही, त्यामुळे पैसा बराचसा योग्य घरी पोहोचतो.

दुष्काळात सरकारने कामे काढण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. १८७६–७८ च्या दख्खनच्या दुष्काळात इंग्रज सरकारने कामे काढली, पण दुष्काळी मदतीची पाहणी करणारे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी इतकी खाली आणली की दिवसभर राबून जेमतेम अर्धा किलो धान्य आणि एक आणा एवढेच हाती येई. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. उपाशी माणसांनी मजुरीच्या दरासाठी केलेला हा संप रोहयोच्या इतिहासात सहसा सांगितला जात नाही. तो सांगायला हवा. पुढे दुष्काळ संहिता आली, कामे काढण्याचे नियम ठरले, पण दुष्काळ जाहीर करायचा की नाही हे सरकारच्याच हाती राहिले. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क आला, तोही मार्गदर्शक तत्त्व म्हणून आणि ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. तो घेऊन न्यायालयात जाता येत नव्हते.

ही अडचण वि. स. पागे यांनी ओळखली. पागे हे सांगली जिल्ह्यातील गांधीवादी कार्यकर्ते आणि विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती. १९६५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग झाला. शेतीची कामे नसतील त्या काळात गावातच बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते अशी कामे काढून मागेल त्याला मजुरी द्यायची, आणि त्या कामांतून गावाची जमीन-पाण्याची स्थिती सुधारायची, असा तो विचार होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तो उचलून धरला.

योजना पूर्ण उभी राहण्याआधीच १९७२ चा दुष्काळ कोसळला. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने ओढ दिली होती. ज्वारी-बाजरीचे पीक बुडाले, जनावरे दावणीला मेली. राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत खडी फोडणे, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलावांची कामे उघडली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. राज्याची लोकसंख्या तेव्हा ५ कोटींच्या घरात होती, म्हणजे दर दहा माणसांमागे एक जण दुष्काळी कामावर होता. कामावर मिळणारी सुकडी (भाजलेल्या पिठाचे पौष्टिक खाद्य) आणि रेशनवरचा लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन त्या पिढीने दिवस काढले. मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतील म्हातारी माणसे आजही बहात्तरचा विषय निघाला की आधी या दोन गोष्टी सांगतात. पीक इतके बुडूनही १८७७ सारखे माणसांचे मृत्यू झाले नाहीत. ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. धान्य गावात नव्हते, ते बाहेरून आणता आले. ते विकत घेण्याची ऐपत मजुरीने दिली, हे त्यातून पुढे आले.

पैशाची व्यवस्था हा या योजनेचा सर्वांत धीट भाग आहे. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून तो घ्यायचा आणि तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असा रोजगार हमी निधी ठरला. ओलिताखालची जमीन, विक्रीकर, मोटारी यांवरही अधिभार लागला. मुंबईत उत्पन्न सर्वाधिक, तेव्हा या कराचा मोठा वाटा मुंबईतून आला आणि खर्च मराठवाडा, विदर्भ, खानदेशात झाला. शहर आणि खेडे यांच्यातील उत्पन्नाची दरी कमी करण्यासाठी इतका उघड कर दुसऱ्या राज्यात क्वचितच लावला गेला. आजही पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. ते मुळात कशासाठी सुरू झाले, हे बहुतेक नोकरदारांना ठाऊक नसते. हा कर टिकला यामागे हितसंबंधही होते. दुष्काळात शहराकडे येणारे लोंढे थांबावेत असे शहरांना वाटत होते आणि बांध, विहिरी, रस्ते आपल्या शिवारात होणार म्हणून बागायतदारांचा विरोध मावळला.

कायद्यानुसार मजुराने कामाची मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावे लागते. न दिल्यास बेकारी भत्ता. मागणीचा अर्ज म्हणजे ‘नमुना ४’. अर्ज दिल्यावर तारखेची पोहोच घ्यायची असते, आणि सगळा हक्क या पोहोचेच्या चिठोऱ्यावर उभा आहे. पोहोच नसेल तर १५ दिवस कधीपासून मोजायचे? म्हणूनच अर्ज तोंडी घेणे, ‘साहेब आले की बघू’ म्हणून परत पाठवणे, पोहोचेवर तारीख न घालणे हे प्रकार वर्षानुवर्षे चालत आले आहेत. बेकारी भत्ता फार थोड्यांच्या हाती पडला. पालघर-ठाण्यातील कष्टकरी संघटना आणि श्रमजीवी संघटना, शहाद्याची श्रमिक संघटना अशा संघटनांचे बरेचसे बळ अर्ज सामूहिकपणे देणे आणि पोहोच घेतल्याशिवाय कचेरीतून न हलणे, यातच खर्च झाले. वेठबिगारीतून सुटलेल्या आदिवासी कुटुंबांना तर हे काम जगण्याचाच आधार होते. सावकाराकडे परत न जाता पावसाळ्यापर्यंत टिकायचे तर दुसरी मजुरी हवीच.

मजुरी कामाच्या मापावर मिळते. टोळीला खड्डा आखून दिला जातो. पुरुष टिकावाने खणतात, बाया घमेल्याने माती बांधावर नेऊन टाकतात. मधोमध मातीचा एक उंचवटा न खणता ठेवतात, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते मोजताना कळते. मग अभियंता टेप लावून लांबी, रुंदी, खोली मोजमाप वहीत उतरवतो. माती मऊ आहे, मुरूम आहे की कठीण मुरूम, ती किती अंतरावर आणि किती उंचीवर टाकली, यावर दर ठरतो. मुरमाच्या जागी मऊ माती लिहिली गेली की तेवढ्याच घामाचे पैसे कमी होतात. मोजमाप लांबले की मस्टर (हजेरीपट) अडकते आणि मस्टर अडकले की मजुरी. शहाणे मजूर आपला खड्डा स्वतः मोजून ठेवतात. निरक्षर बायकांच्या टोळ्यांनी वितीने आणि काठीने मापे धरून अभियंत्याशी हिशेब केल्याच्या कथा संघटनांच्या शिबिरांत ऐकायला मिळतात.

स्त्रिया या कामांवर प्रथमपासून मोठ्या संख्येने आल्या. काही जिल्ह्यांत त्या निम्म्याच्या आसपास होत्या. गावातल्या शेतावर बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी. येथे दर मापाचा, म्हणून कायद्याने दोघांना सारखा. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असावे असा नियम आहे. पाणी बहुधा असते. पाळणा अनेक ठिकाणी बाभळीच्या फांदीला आईच्या लुगड्याचाच असतो.

मजुरीचा दर किती असावा, यावर न्यायालयांनी महत्त्वाचे निर्णय दिले. १९८२ मध्ये दिल्लीतील एशियाडच्या (आशियाई क्रीडास्पर्धांच्या) बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करवून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बंदी घातलेली वेठबिगारी होय. १९८३ मध्ये राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात तेच तत्त्व सरकारी कामांना लागू झाले. मदत करतो म्हणून कमी देतो, हा सरकारचा जुना युक्तिवाद तेथे संपला. महाराष्ट्रात १९८८ मध्ये रोहयोची मजुरी शेतमजुरांच्या वाढीव किमान वेतनाशी जोडली गेली. त्यानंतर मात्र कामे उघडण्यात प्रशासन हात आखडता घेऊ लागले. १९७९-८० मध्ये २० कोटींच्या आसपास मनुष्यदिवस (एका माणसाचे एका दिवसाचे काम म्हणजे एक मनुष्यदिवस) काम झाले होते. दशकाच्या अखेरीस ते निम्म्याहून खाली आले. मजुरी वाढवायची आणि कामच कमी काढायचे, यात कायद्याचे शब्द शाबूत राहतात आणि हक्क रिकामा होतो. व्यवसाय कराचा पैसा साठत असतानाही कामे निघत नव्हती, हे अधिक खटकणारे.

१९९० पासून फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली. कोकणात आंबा-काजू, कोरडवाहू भागात बोर, डाळिंब, सीताफळ यांच्या बागा उभ्या राहिल्या. राज्याच्या फलोत्पादनाला त्यातून मोठी गती मिळाली, यात शंका नाही. पण बाग ज्याच्याकडे जमीन आहे त्याचीच होते. भूमिहीन मजुराला खड्डे खणण्याचे दिवस मिळाले, फळ जमीनमालकाला. योजनेतून झालेल्या विहिरींनाही हेच लागू आहे.

बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून दिवाळीनंतर निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना ही योजना थांबवू शकली नाही. मुकादम, म्हणजे तोडणीची टोळी जमवणारा, हंगामाआधीच हजारोंची उचल (आगाऊ रक्कम) एकरकमी देतो. रोहयोची मजुरी मोजमाप होऊन हाती यायला आठवडे लागतात, आणि लग्न, औषधपाणी, जुने देणे त्यासाठी थांबत नाही. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या जोडप्याच्या मुलांची शाळा तुटते ती वेगळीच.

राज्याच्या या अनुभवावरच केंद्राचा २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा बेतला गेला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला, २००८ पर्यंत देशभरातील ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला आणि २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव मिळाले. केंद्राची हमी कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची होती. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती, म्हणून १०० दिवसांपुढचा खर्च राज्याने उचलायचा अशी सांगड घातली गेली. मजुरी थेट बँक खात्यात येऊ लागल्याने खोट्या मस्टरांना काहीसा आळा बसला. मात्र आधार, खाते आणि जॉबकार्ड (मजुराचे नोंदणीपत्र) यांतील एका अक्षराच्या फरकाने अडकलेली मजुरी ही नवी डोकेदुखी झाली. २०२५-२६ साली महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ केले आहेत, महाराष्ट्रासारख्या राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा टाकला आहे आणि पेरणी-कापणीच्या काळात एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. हमीच्या कामामुळे शेतावर माणूस मिळत नाही, ही बागायतदारांची तक्रार रोहयोच्या पहिल्या दशकापासूनची आहे. शेतमजुराला चार पैसे जास्त मागण्याची संधी याच पेरणी-कापणीच्या दिवसांत मिळते, आणि हमीचे दुसरे काम हाती असेल तरच ती मागणी टिकते.